हीटर कधी गरम, कधी गार का?
पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या मोटारीतील हीटर सहसा इंजिनाच्याच उष्णतेवर चालतो. इंजिनाला थंड राखणारे कूलंट तेथे स्वतः तापते आणि हीटरच्या लहान जाळीतून फिरते. त्या जाळीवरून जाणारी पंख्याची हवा गरम होते. कूलंट कमी झाले, की या मार्गात हवा शिरते. मग गाडी वेगात असताना पंपाच्या जोराने कूलंट जाळीपर्यंत पोहोचते व ऊब मिळते. सिग्नलला गाडी थांबताच गार वारा येऊ लागतो. म्हणून प्रथम कूलंटची पातळी तपासावी. मात्र इंजिन पूर्ण निवल्याशिवाय रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील उकळता द्रव अंगावर उडून गंभीर भाजते. पातळी पुन्हा घटल्यास गळती शोधून घ्यावी. दुर्लक्ष केले, तर इंजिनच निकामी होऊ शकते.