पर्जन्यछाया आणि फाल्गुनातील गारा



माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. भूगोल शिकलो तो ऊसतोड कामगारांच्या संघटनेचे काम करताना, टोळ्यांच्या मागे हिंडून. वडवणीहून टोळीबरोबर पश्चिमेकडे निघालेल्या माणसाच्या एक गोष्ट लवकर ध्यानात येते. ज्या दिशेला आपण कामासाठी जातो, त्याच दिशेने आपला पाऊस येतो, आणि त्यातला पुष्कळसा वाटेतच संपतो.

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच पाणी टाकतात. घाट उतरताना तेच वारे तापून कोरडे होतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून घाट उतरताच लागणाऱ्या वाईला हजारही नाही. आपला बीड जिल्हा तर कितीतरी पूर्वेला. येथे सरासरी सहा-साडेसहाशे, आणि तोही बेभरवशाचा. डोंगराआडच्या अशा मुलखाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

मग प्रश्न असा, की जे आभाळ श्रावणात थेंबासाठी तोंड पाहायला लावते, ते फाल्गुनात बर्फाचे खडे कसे टाकते? २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्याने हे अनुभवले. काढणीला आलेला गहू, हरभरा आणि ज्वारी डोळ्यांदेखत आडवी झाली.

याचे कारण असे. उन्हाळ्याच्या तोंडाशी जमीन तापू लागते. त्याच सुमारास समुद्रावरची दमट हवा आत शिरली आणि उंचावर पश्चिमेचे थंड वारे वाहत असले, तर खालची ऊबदार हवा वेगाने वर उसळते. ढग दहा-बारा किलोमीटरपर्यंत उंच वाढतात. वर गेलेले थेंब गोठतात. खालून येणारा झोत त्यांना तोलून धरतो, तोवर त्यांच्यावर बर्फाचे थर चढत राहतात. वजन पेलेनासे झाले की गारा कोसळतात. मोठी गार फोडून पाहा, पुष्कळदा कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. पावसाळी ढगांत हा झोत सहसा एवढा जोराचा नसतो, आणि त्या दिवसांत दमट, उबदार हवेचा थरही जाड असतो; त्यामुळे बारीकसा बर्फ खाली येईतो वितळून जातो.

आता आमच्या माणसांचे पाहा. मार्चात पुष्कळ टोळ्या अजून फडावरच असतात. डोक्यावर पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, बैल उघड्यावर, लेकरे उसाच्या बांधाला. गारपिटीने तोड थांबते. मजुरी टनावर असल्याने ती बुडते, मुकादमाची उचल मात्र अंगावर तशीच राहते. गावाकडे पिकाचा पंचनामा होतो. बुडालेल्या मजुरीचा पंचनामा झालेला मी आजवर पाहिलेला नाही.

गार थांबविणे कोणाच्या हाती नाही. पण हवामान खाते आता वादळाचा इशारा काही तास आधी देते. तो इशारा फडापर्यंत पोचावा, तो मिळताच बायकालेकरांना पक्क्या छपराखाली नेण्याची सोय कारखान्याने करावी, आणि खाड्याच्या दिवसांची भरपाई करारात लिहून घ्यावी, या आमच्या तीन मागण्या आहेत. पुढच्या हंगामाच्या उचली वाटल्या जाण्यापूर्वी त्या आपल्या गावच्या टोळीला समजावून सांगा, एवढीच विनंती.