तीन बोटे आणि एक अंगठा

2022 सालच्या श्रावणातली गोष्ट. माझे मामा एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर कामाला होते. वय चाळीस, पगार महिना बारा हजार. प्रेसपुढची संरक्षक जाळी काम लवकर उरकावे म्हणून मुकादमाने काढून ठेवलेली. एका रात्रपाळीत प्रेस खाली आला आणि मामांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. आठ दिवसांनी मालकाचा माणूस घरी आला. त्याने मामींच्या हाती पंचवीस हजार रुपये ठेवले आणि एका कागदावर मामांच्या डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला. ‘माझी काही तक्रार नाही’ असे त्या कागदावर लिहिले होते, हे आम्हांला नंतर कळले. मामांना वाचता येत नाही. मला येते, पण मी तेव्हा वसतिगृहात परीक्षेचा अभ्यास करीत होतो.

घरात सर्वांनी एकच निष्कर्ष काढला: अंगठा दिला, आता काय उरले? मलाही तसेच वाटले. पुढे मी त्या कायद्याच्या मागे लागलो आणि आमचे सर्वांचे अज्ञान किती महाग होते ते उमगले. तेच येथे मांडतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी यंत्रावर, बांधकामावर किंवा ट्रकवर राबते आहे.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून अमलात आला. त्याचे मूळ तत्त्व साधे आहे. काम करताना, कामामुळे अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर नाही. मालक म्हणाला, ‘तुझाच हात चुकला.’ पण नुसता निष्काळजीपणा हा बचाव होत नाही. कामगार दारूच्या अमलाखाली असेल, किंवा त्याने स्वतः जाणूनबुजून सुरक्षेचे साधन काढले असेल, तर मालकाला तसा बचाव घेता येतो. आणि मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास तोही चालत नाही. मामांची जाळी तर मुकादमाने काढली होती!

मालकाचे दुसरे म्हणणे असे, की ‘तू ठेकेदाराचा माणूस.’ त्यालाही कायद्यात उत्तर आहे. ठेकेदारामार्फत आपल्या धंद्याचे काम करून घेणारा मूळ मालक भरपाईला बांधील असतो. तो ती रक्कम मागाहून ठेकेदाराकडून वसूल करू शकतो.

आता हिशेब पाहू. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास मासिक पगाराचे 60 टक्के घेऊन त्यांना वयाच्या गुणकाने गुणायचे. वय कमी तितका गुणक मोठा, कारण पुढची कमाईची वर्षे अधिक. चाळिसाव्या वर्षाचा गुणक 184.17. म्हणजे 7,200 गुणिले 184.17, बरोबर 13,26,024 रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर त्या प्रमाणात. एका हाताची तीन बोटे गेल्यास कमाईची शक्ती 30 टक्के घटली असे परिशिष्टात धरले आहे. त्याप्रमाणे मामांचे होतात सुमारे 3,97,800 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. मिळाले होते पंचवीस हजार!

परिशिष्टातले टक्केही नेहमीच शेवटचे नसतात. हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली म्हटले, की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान संपूर्ण आहे. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालाने ठरवले. महिन्याभरात ती दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद कायद्यात आहे.

आणि तो अंगठा? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे. तडजोड करायची तर तिची आयुक्तांकडे नोंद व्हावी लागते. घरात बसून उठवलेल्या अंगठ्याने हक्क संपत नाही. हे वाक्य मी मामांना तीनदा वाचून दाखवले.

जिथे दहा किंवा अधिक कामगार आहेत आणि कामगार राज्य विमा योजना लागू आहे, तिथे विमेदार कामगाराला लाभ विम्यातून मिळतो, मालकाकडून वेगळी भरपाई नाही. मामांच्या कारखान्यात सातच जण होते.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा ‘सामाजिक सुरक्षा संहिता, 2020’ मध्ये सामावला गेला आहे. आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ हे नाव आले, पण गाभा तोच राहिला. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दिसत असल्यास, आता त्यात येतो.

मामांचा दावा आम्ही दोन वर्षांच्या मुदतीत, 2023 साली, दाखल केला. औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तसा आम्हांलाही मिळाला. तीन महिन्यांत निकाल द्यावा असे जुना कायदा म्हणत होता. आमच्या तारखा अजून चालू आहेत. अडचण पुराव्याची आहे. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘घरी लागले’ असे लिहिले गेले, आणि हजेरीपटावर मामांचे नावच नाही. त्या रात्री सोबत असलेल्या दोघांपैकी एक जण साक्षीला तयार झाला. दुसऱ्याला नोकरी टिकवायची आहे. मी त्याला दोष देत नाही.

म्हणून मित्रहो, एवढेच सांगणे आहे. अपघात झाला की दवाखान्यात खरे कारण लिहून घ्या, कागदांच्या प्रती ठेवा, मालकाला लेखी कळवा आणि वाचल्यावाचून कोणालाही अंगठा उठवू देऊ नका. आपण पदवीसाठी पुष्कळ वाचतो. घरी आलेला एक कागद वेळेवर वाचायला मी तिथे नव्हतो, ही खंत मला आहे. ती आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला येऊ नये.