उलटीचा रंग

महिन्याभराचं लेकरू उलट्यांसाठी ओपीडीत आलं, की मी आईला आधी उलटीचा रंग विचारतो. हिरवी असेल, तर आतड्याला पीळ पडल्याची भीती असते. तिथे एक तासही घालवायचा नाही. पांढरी, फाटलेल्या दुधासारखी असेल, तर खुर्ची ओढून बसायचं आणि ऐकायचं.

घाटंजीकडची आजी म्हणते, "लेकरू दूध टाकतेच ना जी." टाकतंच. पण गुळणी टाकणारं बाळ अंगानं भरत जातं. हे बाळ दूध पाजलं की हातभर लांब उलटी फेकतं आणि लगेच भुकेनं मुठी चोखू लागतं. आजारी बाळाला सहसा इतकी भूक नसते.

जठरातून आतड्यात उतरणाऱ्या वाटेवरचा स्नायू जाड होऊन वाट आवळतो, तो बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. मुलींपेक्षा मुलांत हे चार-पाच पट जास्त. आशाताईंच्या घरभेटी 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात, नेमक्या याच काळात. घरी जाऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली. आशाताईंच्या वहीत वजन वाढायचं थांबलेलं दिसलं, की माझं अर्धं काम झालेलं असतं.

उरलेलं अर्धं बोटांचं. हात चोळून गरम करायचे. आई पाजत असताना बाळाच्या डाव्या अंगाला बसायचं आणि पोटावर तिरका उजेड घ्यायचा. कधी डाव्या बरगडीखालून एक फुगवटा हळूहळू उजवीकडे सरकताना दिसतो: जठर बंद दारावर जोर लावत असतं. बाळ रडलं की पोट कडक होतं, मग थांबायचं. उलटी होऊन गेली, पोट सैल पडलं, की यकृताच्या कडेखाली बोटं रुतवायची. बोराएवढी टणक गाठ बोटांखालून निसटते. एकदा लागली की शंका राहत नाही.

हल्ली गाठ क्वचित लागते, कारण बाळं लवकर येतात आणि सोनोग्राफी लवकर होते. स्नायूची जाडी 3 मिलिमीटर किंवा जास्त, नळीची लांबी 15 च्या पुढे, आणि दूध पुढे सरकत नाही, म्हणजे निदान झालं. माझ्या बोटांचं कौतुक कमी झालं तरी बाळाची हाडं वर येण्याआधी आजार कळतो, हे बरंच आहे.

घरच्यांना मात्र पुढचं पटत नाही. "कळलं तं कापत काहून नाही?" उलट्यांतून आम्ल गेलेलं असतं, रक्तातलं क्लोराइड आणि पोटॅशियम उतरलेलं असतं. तशीच भूल दिली तर बाळाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून आधी सलाईन, पुन्हा रक्त तपासणी, मगच ऑपरेशन. नागपूर किंवा सेवाग्रामला पाठवायचं असलं तरी सलाईन इथूनच सुरू करून द्यायचं.

ऑपरेशन डॉ. रामस्टेट यांनी 1912 मध्ये मांडलं तेच: स्नायू उभा चिरायचा, आतलं अस्तर शाबूत ठेवायचं. काही तासांत दूध सुरू होतं. त्यानंतरही एक-दोन दिवस बाळ थोडं दूध टाकतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर ऑपरेशन फसलं म्हणून वॉर्डात गर्दी जमते.