अकरावीतच शोधा आजोबांचा शाळेचा दाखला

बारावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात आणि आठवडाभरात कागदांसाठी धावपळ सुरू होते. इंजिनीअरिंग, फार्मसीला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते जिल्ह्याची जात पडताळणी समिती देते आणि त्यात महिने जाऊ शकतात. म्हणून आमचे सांगणे, अकरावीतच कामाला लागा.

खरी अडचण पुराव्याची. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्या घरातली धम्मदीक्षा मात्र 1956 ची किंवा नंतरची. मग आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात महार, वडिलांच्या दाखल्यावर नवबौद्ध आणि तुमच्या दाखल्यावर नुसते बौद्ध, असे होते. घाबरू नका. 1990 च्या कायदा दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. फक्त पिढ्यांची साखळी कागदावर जुळली पाहिजे. गावच्या शाळेतून जुन्या रजिस्टरचा उतारा काढा. आजोबा शाळेतच गेले नसतील (अनेकांना जाऊच दिले नाही) तर कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. काका, आत्या, सख्ख्या भावाची वैधता झाली असेल तर तिची प्रत जोडा.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करा, बँक खाते आधारला जोडून ठेवा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना पाहा.

कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या डीजेच्या वर्गणीतून विहारात एक कॉम्प्युटर आणि स्कॅनर घ्या. दर रविवारी दोन तास पोरांचे अर्ज भरून द्या.