औषध पाण्यात, उपाय उन्हात

पाण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. 1901 साली याच सातारा जिल्ह्यात, मसूर स्टेशनवर उतरून निघालेल्या बाल भीमरावांना व त्यांच्या भावंडांना शिदोरी जवळ असूनही पाण्यावाचून उपाशी रात्र काढावी लागली. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन माणुसकीचा हक्क बजावला. आज त्या ओंजळीत काय येते, हेही आपण विचारले पाहिजे.

पाटणला कोयना आणि केरा भेटतात. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीला जाते. वरच्या गावाने सोडलेले खालच्या गावाच्या घागरीत येते. आपण घेतलेल्या गोळीचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो. दवाखान्याचे सांडपाणी, गुरांची औषधे, ओढ्यात फेकलेल्या जुन्या गोळ्या यांची त्यात भर पडते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, म्हणून ते उकळावेच. पण विरघळलेले औषध त्याने सहसा जात नाही.

नदीत हे प्रमाण बहुधा फार थोडे असते. औषध कारखान्यांजवळ मात्र ते वाढते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे शुद्धीकरण करून सोडलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात. मग स्वस्त गोळी लागू पडत नाही, आणि रोजंदारीवरच्या घराला महागड्या औषधासाठी कर्ज काढावे लागते.

यावर शास्त्रज्ञांनी उन्हाला कामाला लावले आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती टायटॅनियम डायऑक्साइडची पूड ते नॅनो आकाराची, म्हणजे डोळ्यांना कण दिसणार नाही इतकी बारीक करतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. पूड ओल्या पाण्यात आणि उन्हात असली की अतिशय तिखट असे कण तयार होतात व ते औषधाच्या रेणूचे तुकडे करतात. काम पुरे झाले तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्षार उरतात. पूड मात्र खर्ची पडत नाही. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांच्या प्रयोगाने ही वाट दाखवली.

पण कोणतीही गोष्ट पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण. ही पूड उन्हातील अतिनील किरणांवरच चालते आणि ते उन्हात शंभरात जेमतेम पाच भाग. पाटणच्या पावसाळ्यात तर दिवसच्या दिवस ऊन नसते. काम अर्धवट राहिले तर उरलेले तुकडेही घातक ठरू शकतात. पूड पाण्यातून परत काढावी लागते, ते वेगळेच. म्हणून साध्या उजेडावर चालणाऱ्या पदार्थांचे संशोधन सुरू आहे. तेव्हा दारावर कोणी ‘नॅनो पावडर’ विकायला आला तर फसू नका.

माता-भगिनींनो, आपल्या हातातही काही आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय प्रतिजैविके घेऊ नका. उरलेल्या गोळ्या मोरीत, ओढ्यात टाकू नका. 2016 च्या घनकचरा नियमांनी त्या घातक घरगुती कचऱ्यात धरल्या होत्या. त्या वेगळ्या बांधून द्या. गावच्या सांडपाण्याचे काय होते, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे काम दाखवा. पाण्याचा हक्क मिळवणाऱ्यांच्या लेकरांनीच ते पाणी स्वच्छही करावे.

जयभीम!