माळीणची दरड पडली नाही, वाहत आली

माळीण आठवतंय? ३० जुलै २०१४. एसटीचा ड्रायव्हर नेहमीसारखा आला, तर गावच दिसेना. दीडशेच्या वर माणसं गेली.

दरड म्हटलं की आपल्याला वरून सुटलेला दगड दिसतो. इथे मातीच वाहत आली. पक्क्या काळ्या खडकावर मातीचा थर असतो. मुसळधार पाऊस त्यात मुरतो, खडकात मात्र पटकन शिरत नाही. अडकलेलं पाणी मग मातीच्या कणांना एकमेकांपासून ढकलतं, पकड सुटते आणि अख्खा थर ओल्या काँक्रीटसारखा धावतो, मोठमोठे धोंडे घेऊन. उतार संपला की पसरतो. डोंगराच्या पायथ्याच्या सपाट जागा बऱ्याचदा अशाच बनलेल्या, आणि घरं आपण नेमकी तिथेच बांधतो!

डोंगरात नवी भेग, कललेले खांब, भर पावसात अचानक आटलेला ओढा दिसला, तर व्हिडिओ काढत बसू नका. ओढ्यापासून बाजूला, उंचावर पळा.