मुलाचे पोट वारंवार दुखते. कोणती तपासणी, केव्हा?

सानगडी असो वा नागपूर, मूल पोट धरून बसले की घरात आधी जंतांची, नाहीतर नजर लागल्याची चर्चा होते. बहुतेकदा कारण साधेच निघते: बद्धकोष्ठता, जंत, दूषित पाणी. पण कित्येक आठवडे जुलाब, शौचातून रक्त, रात्री पोटदुखीने जाग, घटते वजन, खुंटलेली उंची दिसली तर आतड्याच्या दीर्घ दाहाची शंका घ्यावी.

म्हणून लगेच नागपूरला दुर्बिणीच्या तपासणीसाठी धावू नये. आधी सरकारी दवाखान्यात वजन, उंची, हिमोग्लोबिन आणि शौचाची तपासणी करावी. पुढची पायरी शौचातील कॅलप्रोटेक्टिनची. पांढऱ्या पेशींतले हे प्रथिन कमी आढळले, तर दाहाची शक्यता फार कमी. वाढलेले आढळले म्हणून मात्र आजार ठरत नाही. जंतुसंसर्गाने, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. चार वर्षांखालील मुलांत ते मुळातच जास्त असते. फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या मुलांबाबत नेदरलँड्समधील 2016 च्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच होता. मात्र वरची लक्षणे असतील तर तज्ज्ञाकडे जाणे टाळू नये.

आपल्याकडे आतड्याचा टीबीही हुबेहूब असाच दिसतो. तो न तपासता स्टेरॉइड दिले तर टीबी बळावतो. म्हणून घरात दादा, नानी कुणालाही टीबी झाला असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

आणि अम्मींनो, एक वही ठेवा: दर महिन्याचे वजन, शौच किती वेळा, रक्त दिसले का. डॉक्टरांना याहून मोलाची मदत नाही.